वच्छोमी रीती

वच्छोमी रीती : वैदर्भी या काव्यरीतीचे प्राकृत नाव. वत्सगुल्म (सध्याचे वाशिम) या नगराच्या नावावरून ते आले आहे. राजशेखर (सु. ९००) या कवीने आणि साहित्यशास्त्रकाराने आपल्या कर्पूरमंजरी या प्राकृत सट्टकाच्या प्रारंभी तीन रीतींचा नामनिर्देश केला आहे. तेथे ‘वैदर्भी’ हे रूढ नाव न घेता त्याने ‘वच्छोमी’ हे नाव योजले आहे. बोलीला किंवा वस्त्राला गावाचे नाव मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. काव्यरचनेच्या एका सर्वमान्य पद्धतीला नगराचे नाव मिळाल्याचे उदाहरण मात्र विरळाच. या नावामागे एक राजघराणे, एक लुप्त महाकाव्य आणि अलंकारांच्या उपयोगाविषयी अनेक शतके चाललेला एक मूलगामी वाद आहे. प्रस्तुत नोंदीत या तिहींचा विचार केला असून, काव्यातील अलंकार ‘ओळखणे’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा त्यांच्या आधारे परामर्श घेतला आहे.

नाव आणि नगर : वत्सगुल्म–वच्छोम–वाशिम असा या नावाच्या परिवर्तनाचा क्रम सामान्यतः मानला जातो. कामसूत्रात वत्सगुल्मक प्रदेशाचा उल्लेख येतो. वत्स व गुल्म हे दक्षिणापथातील दोन सख्खे राजपुत्र होते आणि त्यांनी वसविलेला प्रदेश तो वत्सगुल्मक, असे स्पष्टीकरण त्या ग्रंथाचा टीकाकार यशोधर याने दिले आहे. स्थानिक माहात्म्यकथा मात्र या नावाचा संबंध वत्स ऋषींशी जोडते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला.

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर त्या घराण्याच्या शाखा झाल्या. त्यांपैकी एका शाखेची राजधानी वत्सगुल्म येथे होती. सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक असून त्याचा काळ चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात मोडतो. १९३९ मध्ये वाशिम येथे सापडलेल्या ताम्रपटामुळे या शाखेच्या इतिहासावर प्रथम निश्चित प्रकाश पडला. हा ताम्रपट सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिला. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातील एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटावी : त्याचा वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. ज्या दरबारात या दोन्ही भाषा अशा शेजारी नांदत होत्या, त्याच दरबारातून महाराष्ट्री प्राकृतातील एक श्रेष्ठ काव्य निर्माण व्हावे, हे सुसंगतच म्हणावे लागेल. वाशिमजवळील हिस्से-बोराळा येथे मिळालेल्या देवसेन राजाच्या काळातील लेखात शक ३८० हे वर्ष आणि सुदर्शन या तलावाचा उल्लेख आहे. देवसेनाचा पुत्र हरिषेण याच्या कारकीर्दीत अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी त्याचा सचिव वराहदेव याने कोरविली. वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र संपादून त्यांचा इतिहास सिद्ध करण्याचे श्रेय प्रामुख्याने महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांना आहे.

हरिविजय : सर्वसेनाने हरिविजय हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य रचले. सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात वृक्ष आणला, ही त्याची कथावस्तू. ऋतू, सूर्यास्त, मधुपान आदी महाकाव्योचित वर्णने त्यात होती आणि सर्गांतातील ‘उत्साह’ हा शब्द ही त्याची खूण होती, अशी माहिती उत्तरकालीन साहित्यशास्त्रकारांकडून मिळते. काव्य मात्र आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज, हेमचंद्र यांच्या ग्रंथांतील उल्लेख आणि अवतरणे एवढाच त्याचा अवशेष होय. भोजाच्या ग्रंथांतून असे वेचे निवडून हे काव्य शक्य तेवढे जुळविण्याचा प्रयत्न वा. म. कुळकर्णी यांनी केला.

या योगायोगाकडे केवळ हळहळीने पाहून चालणार नाही. त्यात एक समीक्षात्मक प्रश्न दडलेला आहे. हरिविजय वाचले गेले, नावाजले गेले आणि अखेर अलंकारग्रंथांतील ‘उदाहरण’ म्हणून उरले. एखाद्या पद्यात कोणता अलंकार वा कोणता ध्वनिप्रकार आहे, हे आज सांगता येते; परंतु ते पद्य कथेच्या कोणत्या वळणावर येत होते, त्याच्या आधी कोणती शांतता आणि नंतर कोणता उद्रेक होता, हे सांगता येत नाही. ज्या शास्त्राने त्या ओळी जपल्या, त्याच शास्त्राने त्यांना त्यांच्या काव्यापासून सुटेही केले. अलंकारविवेचनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एका उदाहरणात एकत्र दिसतात.

मार्ग, गुण आणि अलंकार : भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढे ही संख्या वाढत गेली व सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या ग्रंथात ती शंभराच्या वर पोहोचली. ही वाढ एका बाजूस सूक्ष्म निरीक्षणाची, तर दुसऱ्या बाजूस वर्गीकरणाच्या हव्यासाची निदर्शक आहे.

दंडीने (सु. सातवे शतक) काव्यादर्शात वैदर्भ व गौडीय असे दोन मार्ग कल्पिले आणि श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य, सुकुमारता, अर्थव्यक्ती, उदारत्व, ओज, कांती व समाधी हे दहा गुण वैदर्भ मार्गाचे प्राण मानले. त्याच्या विवेचनातील काही भेद आजही उद्‌बोधक ठरतात. लोकव्यवहाराच्या मर्यादेत राहणारे वर्णन वैदर्भांना प्रिय असते, तर गौडांना अत्युक्ती रुचते. गौडांना अनुप्रासाची ओढ असते. वैदर्भांना एकाच उच्चारस्थानाच्या वर्णांचे सान्निध्य पुरेसे वाटते. ‘तेथे ती नितांत दीन’ अशा शब्दरचनेत त, थ, द, न हे दंत्य वर्ण एकमेकांच्या निकट येतात. कानाला एकसंधपणा जाणवतो, परंतु नाद अर्थाच्या पुढे धावत नाही. वैदर्भीची श्रुतिमधुरता ती हीच.

दंडीचा आणखी एक विशेष येथे ध्यानात घेतला पाहिजे. स्वभावोक्तीला, म्हणजे वस्तू जशी आहे तशी डोळ्यांपुढे उभी करणाऱ्या वर्णनाला, त्याने अलंकारांत आद्य स्थान दिले आणि सर्व वाङ्‌मयाची विभागणी स्वभावोक्ती व वक्रोक्ती अशी केली. याउलट, उक्तीत वक्रता नसेल तर अलंकारच संभवत नाही, असे भामहाचे मत होते. त्याने वैदर्भ–गौडीय हा भेदही नाकारला. नुसते सरळ, कोमल व प्रसन्न असूनही अर्थपुष्टी नसलेले काव्य गाण्याप्रमाणे केवळ कानांना सुखविते. उलट अग्राम्य, अर्थगर्भ व सुसंगत असेल तर गौडीय काव्यही चांगलेच, असा त्याचा अभिप्राय आहे. साधेपणा म्हणजे आपोआप काव्य नव्हे, हा त्यातील इशारा वैदर्भीच्या कैवाऱ्यांनी विसरता कामा नये.

सादृश्यमूलक अलंकारांचे उदाहरण : अलंकारांतील भेद व्याख्यांच्या पाठांतराने कळत नाहीत, एकच अनुभव निरनिराळ्या रीतींनी मांडून पाहिला असता ते स्पष्ट होतात. उन्हाळ्यात आटलेले गावतळे हा वऱ्हाडातील कोणासही परिचित असा विषय घेता येईल. ‘तळ्याचा तळ टाचेसारखा भेगाळला आहे’ ही उपमा. येथे तळ हे उपमेय, टाच हे उपमान, भेगाळणे हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा वाचक शब्द; चारही घटक असल्याने ती पूर्णोपमा ठरते. ‘तळ्याचा तळ म्हणजे जणू रानोमाळ चालून आलेली टाच’ असे म्हटले की संभावना व्यक्त होते आणि उत्प्रेक्षा होते. ‘हे तळे गावाची भेगाळलेली टाच आहे’ या विधानात उपमेय व उपमान यांचा अभेद असल्याने रूपक होते. ‘हा तळ नव्हे, ही गावाची टाच’ असा उपमेयाचा निषेध केल्यास अपन्हुती. ‘यंदा गावाची टाच फुटली’ एवढेच म्हटले आणि तळ्याचे नावही घेतले नाही, तर उपमानाने उपमेय गिळून टाकल्यामुळे अतिशयोक्ती. उपमा ही एकच नटी नाना भूमिका घेऊन काव्याच्या रंगभूमीवर वावरते, अशा आशयाचे अप्पय्य दीक्षितांचे मत प्रसिद्ध आहे. त्याची प्रचीती येथे येते.

या पाच रूपांत सादृश्य एकच आहे. बदलते ते बोलणाऱ्याचे मन. उपमेत तो दोन वस्तू शेजारी ठेवून तटस्थपणे पाहतो. उत्प्रेक्षेत त्याची कल्पना जागी होते, परंतु ती कल्पना असल्याचे भान सुटत नाही. रूपकात भेदाची जाणीव मावळू लागते. अपन्हुतीत तो प्रत्यक्ष दिसणाऱ्या वस्तूशीच वाद घालतो. अतिशयोक्तीत तळे उरतच नाही. उरते ती केवळ वेदना. म्हणून ‘अलंकार कोणता?’ या प्रश्नापाशी थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे होय. ‘येथे याहून कमी बोलून भागले असते काय, आणि याहून अधिक बोलणे सोसले असते काय?’ हा त्यापुढचा, खऱ्या अर्थाने समीक्षेचा प्रश्न आहे.

आता सहावे रूप पाहावे : ‘तळ्यात पाणी नाही. म्हैस चिखलात तोंड घालून उभी आहे.’ येथे उपमान नाही, ‘जणू’ नाही, निषेध नाही. ही स्वभावोक्ती. दुष्काळाचा अर्थ येथे सांगितलेला नाही. तो म्हशीच्या उभे राहण्यातून कळतो. अलंकार नाकारल्यासारखी दिसणारी ही रचना दंडीच्या मते अलंकृतच आहे, कारण असंख्य तपशिलांतून नेमका हा एक तपशील निवडण्यात कवीची दृष्टी प्रकट होते. महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचे सौंदर्य बव्हंशी याच प्रकारचे आहे. गाथासप्तशतीत सर्वसेनाच्या नावे गाथा आढळतात, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते.

शब्दालंकारांनाही हाच निकष लागू पडतो. ‘त्याने मान खाली घातली, पण मान सोडला नाही’ या वाक्यात ‘मान’ हा वर्णसमूह दोन वेळा दोन अर्थांनी येतो. हे यमक होय. ‘त्याला मान कुठे आहे?’ या वाक्यात एकाच उच्चारातून दोन्ही अर्थ निघू शकतात, हा श्लेष. पहिल्या वाक्यात झुकलेला देह व न झुकलेले मन यांचा विरोध शब्दाच्या पुनरावृत्तीमुळेच तीव्र होतो. म्हणून ते यमक आवश्यक आहे. दुसऱ्या वाक्यातील श्लेष प्रसंग विनोदाचा असेल तर शोभेल; शोकाच्या प्रसंगी तो रसभंग करील.

वामन आणि राजशेखर : वामनाने (सु. ८००) रीती हाच काव्याचा आत्मा मानला. विशिष्ट पदरचना म्हणजे रीती आणि तिचे वैशिष्ट्य गुणांवर अवलंबून, असा त्याचा सिद्धांत आहे. वैदर्भीत सर्व गुण असतात. गौडीत ओज व कांती, तर पांचालीत माधुर्य व सौकुमार्य हे गुण प्रधान असतात. काव्याला शोभा आणतात ते गुण आणि त्या शोभेत भर घालतात ते अलंकार, हा त्याने केलेला भेद महत्त्वाचा आहे. ही नावे त्या त्या प्रदेशातील कवींत त्या रीती आढळल्या म्हणून पडली; प्रदेश हा रीतीचे कारण नव्हे, असा खुलासाही त्याने केला.

राजशेखराने काव्यमीमांसेच्या तिसऱ्या अध्यायात हाच विचार कथारूपाने मांडला. (हा ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १९१६ मध्ये बडोदे येथे प्रसिद्ध झाला.) सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो, त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्या या वधूची निर्मिती करते. ती त्याच्यामागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तो तिला वश होत नाही. तेथे त्याच्या तोंडून निघते ती दीर्घ समास व अनुप्रास यांनी भरलेली गौडी. पांचाल देशात तो काहीसा वश होतो. समास व अनुप्रास कमी होतात, ती पांचाली. दक्षिणेत तो पूर्णपणे वश होतो. समास गळून पडतात, स्थानानुप्रास तेवढा राहतो, ती वैदर्भी. अखेर विदर्भातील वत्सगुल्म या मदनाच्या क्रीडास्थानी त्या दोघांचा गांधर्व विवाह होतो.

ही कथा केवळ शोभेची नाही. शब्द व अर्थ यांचे साहित्य, म्हणजे सहभाव, पूर्ण होतो तेव्हा भाषेचा आडंबर आपोआप ओसरतो, असा तिचा तात्त्विक अर्थ आहे. मन वश नसते तेव्हा माणूस लांबलचक, जड आणि नादपूर्ण बोलतो. मन जुळले की वाक्ये लहान होतात. रीतिभेदाला राजशेखराने दिलेले हे मानसिक अधिष्ठान भूगोलाहून अधिक मोलाचे आहे. तथापि गौडीला वश न झालेल्या मनाची भाषा ठरविण्यात एकांगीपणाही आहे. वीर वा रौद्र रसाच्या प्रसंगी ओजस्वी, समासबहुल रचना हीच उचित असते. राजशेखर हा महाराष्ट्राशी कुळाने बांधलेला कवी. त्याच्या कथेत मातृभूमीचा अभिमान मिसळला आहे, हे लक्षात घेऊनच तिचे मूल्यमापन केले पाहिजे.

कुंतकाचा आक्षेप : कुंतकाने (दहावे–अकरावे शतक) वक्रोक्तिजीवितात प्रादेशिक रीतींची कल्पना मुळातूनच नाकारली. देश अनंत आहेत. मग रीतीही अनंत मानाव्या लागतील. मामेबहिणीशी विवाह करणे हा एखाद्या देशाचा आचार असू शकतो. काव्यरचना हा तसा देशाचार नव्हे, कारण ती शक्ती, व्युत्पत्ती व अभ्यास यांवर अवलंबून असते. शिवाय वैदर्भी उत्तम म्हटली तर उरलेल्यांचा उपदेशच निरर्थक होतो. म्हणून त्याने कविस्वभावावर आधारलेले सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे तीन मार्ग सांगितले.

या विवेचनातील एक तपशील मार्मिक आहे. सहजसुंदर अशा सुकुमार मार्गाची उदाहरणे म्हणून कुंतक कालिदास व सर्वसेन यांची नावे घेतो. अलंकारांच्या झगमगाटाने नटलेल्या विचित्र मार्गात मात्र बाण आणि भवभूती यांच्या जोडीला तो राजशेखराला बसवितो. म्हणजे वत्सगुल्माला काव्याचे विवाहस्थान ठरविणारा राजशेखर स्वतः त्या नगराच्या रीतीने लिहीत नव्हता; आणि वत्सगुल्माचा राजा, प्रादेशिक रीती न मानणाऱ्या समीक्षकाच्या मतेही, त्या रीतीचा आदर्श ठरला. नगराचा गौरव गावकीच्या अभिमानाने नव्हे, तर एका कवीच्या कृतीने सिद्ध झाला आहे.

शैलीला प्रदेशाचे नाव देण्याचा प्रकार अन्यत्रही आढळतो. प्राचीन ग्रीक व रोमन वक्तृत्वशास्त्रात ‘अ‍ॅटिक’ ही संयत आणि ‘एशियाटिक’ ही पसरट, नादबहुल शैली मानीत आणि सिसरोच्या काळी त्यावरून तीव्र वाद झाले. तेथेही नावे भूगोलाची होती, परंतु वाद होता तो उक्तीच्या औचित्याचा.

आनंदवर्धनाची कसोटी : ध्वन्यालोककार आनंदवर्धनाने (नववे शतक) अलंकारविचाराला निर्णायक वळण दिले. रसाच्या ओघात जो वेगळ्या प्रयत्नाशिवाय सिद्ध होतो तोच खरा अलंकार, असे त्याचे प्रतिपादन आहे. अलंकाराची योजना रसाला गौण राहूनच व्हावी, तो कधीही प्रधान होऊ नये. योग्य वेळी तो स्वीकारावा, योग्य वेळी सोडावा आणि शेवटपर्यंत निभावून नेण्याचा अट्टाहास धरू नये, हे त्याचे नियम आजच्या लेखकासही मार्गदर्शक ठरावेत. एकदा रूपक योजले की त्याचे हातपाय मोजीत बसणाऱ्या वक्त्यांना व निबंधकारांना यांतील शेवटच्या नियमाची विशेष गरज आहे.

याच ग्रंथात हरिविजयाचा दोन ठिकाणी आलेला निर्देश महत्त्वाचा आहे. रसाला प्रतिकूल असा कथाभाग कवीने बदलावा, अनुकूल असा नवा भाग कल्पावा, हे सांगताना आनंदवर्धन कालिदासाच्या कृतींबरोबर सर्वसेनाच्या हरिविजयाचे आणि स्वतःच्या अर्जुनचरिताचे उदाहरण देतो. प्रियेचे सांत्वन करण्यासाठी केलेले पारिजातहरण इतिहासग्रंथांत आढळत नसूनही कवीने कल्पिले, असे अभिनवगुप्ताने त्यावर स्पष्ट केले आहे. दुसऱ्या ठिकाणी वसंतागमनाच्या एका पद्याची चर्चा आहे. त्यात वसंतलक्ष्मीने आपण होऊन दिलेले नसताही मदनाने तिचे मुख घेतले, अशी कल्पना आहे. ‘दिलेले नसताही’ या एका पदातून मदनाची बळजोरी सूचित होते, असे आनंदवर्धन दाखवितो. वसंताला नायिका कल्पिणे ही साहित्यातील सर्वपरिचित युक्ती होय. ते ओळखण्यास विशेष रसिकता लागत नाही. एका साध्या पदात अर्थाचा सगळा भार कसा पेलला गेला, हे ओळखण्यास मात्र ती लागते. अलंकार ओळखणे आणि काव्य ओळखणे यांतील अंतर ते हेच.

मराठीतील परिणती : संस्कृत–प्राकृतातील हा विचार मराठीत दोन वाटांनी आला. एक वाट पंडित कवींची; मोरोपंतांच्या आर्येत यमकाने जे प्रभुत्व मिळविले, त्यात विचित्र मार्गाचा वारसा दिसतो. दुसरी वाट संतकवींची व महानुभावांची. ज्ञानेश्वरीत एकाच कल्पनेसाठी उपमांच्या माळा येतात. त्यांची संख्या मोठी असूनही त्या जड होत नाहीत, कारण प्रत्येक उपमा श्रोत्याच्या परिचित जगातून येते आणि काम संपताच बाजूला होते. विदर्भाशी निकट संबंध असलेल्या महानुभाव पंथात केशिराजबासांनी चक्रधरांचे ११४ दृष्टांत दृष्टांतपाठ या ग्रंथात संकलित केले. सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्यांची मांडणी आहे. साहित्यशास्त्रातील दृष्टांत हा बिंबप्रतिबिंबभावावर आधारलेला अलंकार होय. चक्रधरांचा दृष्टांत हे बोधाचे साधन आहे. तथापि समासरहित, लहान वाक्यांचे ते गद्य वाचताना वैदर्भीच्या असमास रचनेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. यास प्रत्यक्ष परंपरा म्हणण्यास आधार नाही; समानधर्मित्व म्हणावे एवढेच.

आधुनिक काळात रा. श्री. जोग यांचा अभिनव काव्यप्रकाश (१९३०) आणि ग. त्र्यं. देशपांडे यांचा भारतीय साहित्यशास्त्र (१९५८) या ग्रंथांनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला. शालेय अध्यापनात मात्र अलंकार बहुधा ‘ओळखा व लक्षण सांगा’ एवढ्यापुरतेच उरतात. त्यामुळे ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा आणि ‘सारखा’ दिसला की उपमा, अशी यांत्रिक सवय जडते. ‘तो कालच्यासारखाच आजही आला’ या साध्या वाक्यातही मग उपमा शोधली जाते. वाचक शब्द ही खूण आहे, लक्षण नव्हे. भिन्न वस्तूंतील चमत्कारजनक सादृश्य नसेल, तर ‘सारखा’ असूनही उपमा नाही.

मूल्यमापन : वच्छोमी हे नाव विदर्भाच्या बोलीचे नव्हे आणि विदर्भातील कवीच त्या रीतीने लिहितात असेही नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी व प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर महाराष्ट्री प्राकृताविषयी जी आस्था वाढत आहे, तिने हा भेद नजरेआड करू नये. वत्सगुल्माचा वारसा अभिमानाच्या घोषणेत नसून विवेकाच्या एका सवयीत आहे : शब्द अर्थाहून मोठा होऊ न देणे, अलंकार वेळेवर घेणे व वेळेवर ठेवून देणे, आणि जेथे वस्तूच बोलते तेथे आपण न बोलणे. सर्वसेनाचे काव्य हरपले. त्याच्या रीतीला लाभलेले नगराचे नाव आणि त्याच्या एका पदावर एका थोर रसिकाने केलेले भाष्य उरले. एवढ्या अल्प सामग्रीवरूनही त्या काव्याची जात कळते. अलंकार समजून घेण्याचा हेतूही अखेर हाच असावा : एका पदावरून काव्याची जात कळावी, आणि ते पद त्याच्या काव्यात परत नेऊन वाचण्याची ओढ लागावी.